उपासनेतील स्तुती आणि उपकारस्तुती : आखणी कशी करावी

रविवारच्या उपासनेची आखणी करणाऱ्या पुष्कळांच्या मनात स्तुतीची जागा आधीच ठरून गेलेली असते. आरंभीची दोन-तीन गीते म्हणजे स्तुती, आणि उशिरा येणारी मंडळी बाकांवर स्थिरावेपर्यंतचा वेळ भरून काढणे हे त्या गीतांचे प्रत्यक्षातले काम. उपकारस्तुतीचेही तसेच आहे : दान गोळा झाल्यावर होणारी एक छोटी प्रार्थना, जी वर्षानुवर्षे त्याच शब्दांत होत राहते. पुढील सूचना लहान मराठी मंडळीत उपासना चालवणारे पाळक, वडीलजन, गायनमंडळाचे प्रमुख आणि ज्यांच्यावर ही जबाबदारी शनिवारी संध्याकाळी अचानक येऊन पडते अशा तरुण संघातील सभासदांसाठी आहेत. त्या मुख्यतः प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा क्रम डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत, तरी त्यांतील बराचसा भाग इतरांनाही उपयोगी पडावा.

आधी कारण शोधावे

स्तोत्रसंहितेतील ११७ वे स्तोत्र अवघ्या दोन वचनांचे आहे, पण स्तुतीची सगळी बांधणी त्यात दिसते. प्रथम सर्व राष्ट्रांना परमेश्वराचे स्तवन करण्याचे पाचारण येते, लगेच त्याचे कारण सांगितले जाते (त्याची आमच्यावरील दया मोठी आहे आणि त्याचे सत्य कायम टिकते), आणि शेवटी पुन्हा स्तवनाचे पाचारण येते. लाल समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने हाती डफ घेऊन म्हटलेले निर्गमाच्या १५ व्या अध्यायातील गीतही असेच आहे : परमेश्वराला गा, कारण त्याने घोडा आणि स्वार यांना समुद्रात उलथून टाकले आहे. शास्त्रातील स्तुती क्वचितच कारणावाचून येते. म्हणून उपासनेची तयारी गीतपुस्तक उघडून करू नये. त्या रविवारचे शास्त्रपाठ वाचावेत, देवाच्या कोणत्या कृत्याविषयी किंवा स्वभावाविषयी ते बोलतात हे एका वाक्यात लिहून काढावे, आणि मगच गीते व प्रार्थना निवडाव्यात. ते वाक्य लिहिता येत नसेल तर गीत निवडण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

आखणीच्या सोयीसाठी स्तुती आणि उपकारस्तुती यांत फरक करणे हिताचे ठरते. देव कोण आहे हे कारण असते तेव्हा ती स्तुती होते, आणि त्याने आपल्यासाठी काय केले हे कारण असते तेव्हा उपकारस्तुती होते. स्तोत्रकर्ते हा फरक काटेकोरपणे पाळत नाहीत. १०३ व्या स्तोत्रात क्षमा, आरोग्य, देवाचे धीरगंभीर ममत्व आणि त्याचे राज्य हे सगळे एकाच ओघात येते. आपल्याला मात्र तोल तपासण्यासाठी हा फरक हाताशी असलेला बरा. केवळ उपकारच मोजत राहिलो तर उपासना आपल्या गेल्या आठवड्यातील घडामोडींएवढीच लहान होते, आणि केवळ स्तुती करत राहिलो तर ‘महान’, ‘थोर’, ‘पवित्र’, ‘अद्भुत’ अशा विशेषणांची माळ तयार होते, जिच्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरी कसोटी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात दिली आहे. तुम्ही केलेली उपकारस्तुती शेजारी बसलेल्याला समजलीच नाही, तर तो तिला आमेन कसा म्हणणार, असा त्याचा रोखठोक प्रश्न आहे. आपण निवडलेले प्रत्येक गीत आणि लिहिलेली प्रत्येक प्रार्थना या प्रश्नातून पार पडली पाहिजे. मागच्या बाकावरील आजींना, सुट्टीत आजोळी आलेल्या आणि मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलाला, किंवा सुनेसोबत पहिल्यांदाच उपासनेला आलेल्या तिच्या माहेरच्या माणसांना त्यावर समजून आमेन म्हणता येईल का?

क्रमात जागा कोठे द्यावी

स्तुती पापांगीकाराच्या आधी आणि उपकारस्तुती क्षमेच्या आश्वासनानंतर ठेवावी, असा ढोबळ नियम आहे. यशयाच्या ६ व्या अध्यायातील दर्शन हाच क्रम दाखवते. आधी सराफीम हे स्वर्गीय दूत देवाच्या पवित्रतेचा त्रिवार उच्चार करतात, तो ऐकून संदेष्ट्याला आपल्या ओठांची अशुद्धता कळते, मग वेदीवरील निखाऱ्याने त्याची शुद्धी होते, आणि त्यानंतर तो ‘मला पाठव’ असे म्हणतो. देवाचे थोरपण समोर आल्यावाचून केलेला पापांगीकार नुसता पाठ म्हणण्यासारखा होतो. क्षमा ऐकल्यावर थेट सूचनांकडे वळणे हेही तितकेच चुकीचे आहे. आश्वासनाचे वचन वाचून झाल्यावर मंडळीने उभे राहून उपकारस्तुतीचे एक कडवे तरी गावे.

आरंभीच्या पाचारणासाठी ९५, १०० किंवा १०३ या स्तोत्रांतील दोन-तीन वचने पुरेशी असतात. येथे स्वागताचे भाषण, हवामान, येणाऱ्या शनिवारची सहल यांपैकी काहीही आणू नये. लोक उशिरा येतात हा प्रश्न खरा आहे, पण त्याचा उपाय स्तुती लांबवणे हा नव्हे. वेळेवर आरंभ केला, आणि आरंभीच काही महत्त्वाचे घडते असा अनुभव लोकांना आला, की काही महिन्यांत पुष्कळ फरक पडतो.

गीतांची निवड आणि गाण्याची रीत

मराठी मंडळ्यांजवळ या बाबतीत जो साठा आहे, तो फार थोड्या भारतीय भाषांच्या वाट्याला आला असेल. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि त्याचे वाचन देवळांतून होत असे. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, पदे आणि भजने लिहून उपासनेला मराठी चाल दिली. त्यांची गीते आजही गीतपुस्तकांतून भरपूर आढळतात. अहमदनगरच्या परिसरात रुजलेली ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा याच प्रवाहातली. असे असताना, इंग्रजी चालींत कसेबसे बसवलेले भाषांतर गाताना ज्या मंडळीचा श्वास प्रत्येक ओळीत चुकीच्या जागी तुटतो, तिने भजनाकडे वळण्यास कचरू नये. माझे मत असे की एका उपासनेत किमान एक भजन किंवा अभंग असावाच. जुनी भाषांतरित गीते मात्र टाकून देऊ नयेत, कारण कित्येक घरांत आजी-आजोबांच्या अंत्यविधीपासून मुलांच्या लग्नापर्यंत तीच गायली गेली आहेत.

भजनाचा मोठा गुण असा की ध्रुवपद एकदा कानी पडले की वाचता न येणारा माणूसही सामील होतो. पुढच्याने ओळ म्हणावी आणि मागच्यांनी ती उचलावी या रीतीमुळे नवे गीत शिकवण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. तरीही एका रविवारी एकापेक्षा अधिक नवी गीते घेऊ नयेत, आणि नवे गीत सलग तीन-चार आठवडे परत घ्यावे. मंडळीला जे अनोळखी आहे त्याने तिला स्तुती करता येत नाही, ती फक्त ऐकत राहते.

पट्टी हा कंटाळवाणा वाटणारा, पण निर्णायक विषय आहे. गाणाऱ्याला ज्या पट्टीत खुलून गाता येते ती मंडळीची पट्टी असेलच असे नाही. उंच आवाजाच्या गायिकेने आपल्या सोयीने सूर लावला की निम्मे पुरुष दुसऱ्या कडव्यापर्यंत गप्प होतात, आणि पुरुषाने खर्जात सुरुवात केली की स्त्रियांचे आवाज तळाशी हरवतात. सरावाच्या वेळी गीतातील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर पाहून, गायनमंडळाबाहेरच्या दोन-तीन जणांकडून गाऊन घेऊन पट्टी ठरवावी आणि ती पेटीवाल्याने वहीत लिहून ठेवावी. तबला किंवा ढोलकी असेल तर भजनी ठेका किंवा केरवा पुरेसा असतो. तिहाया आणि उठाण मैफिलीसाठी राखून ठेवावेत. कीबोर्ड, गिटार, ड्रम यांना आक्षेप असण्याचे कारण नाही, १५० व्या स्तोत्रात तर तुतारीपासून झांजांपर्यंत वाद्यांची रांगच आहे. मात्र एका कडव्यापुरती सगळी वाद्ये आणि माइक बंद करून पाहावे. मंडळीचा आवाज ऐकू आला तर ठीक चालले आहे. शांतता पसरली तर त्या दिवशी गायनमंडळाने गायन केले आणि मंडळीने ते पाहिले, एवढाच त्याचा अर्थ.

निवडलेल्या गीताचे शब्द एकदा गद्यासारखे वाचून पाहावेत. त्यात देवाविषयी काय सांगितले आहे? ‘मी’ किती वेळा आला आहे आणि ‘तू’ किती वेळा? ‘मी गाईन, मी नाचेन, मी हात उंचावीन’ असे सांगणारी पण कशासाठी ते न सांगणारी गीते अलीकडे बरीच प्रचलित आहेत. ती वर्ज्य करण्याची गरज नाही, कारण उत्साहालाही उपासनेत स्थान आहे. अशा गीताच्या आधी कारण सांगणारे वचन वाचावे, किंवा कारण सांगणारे गीत त्याला जोडून घ्यावे.

प्रार्थना लिहिताना

उत्स्फूर्त प्रार्थना ही आपल्या मंडळ्यांची जपून ठेवण्याजोगी देणगी आहे, पण उत्स्फूर्त म्हणून केलेल्या प्रार्थना प्रत्यक्षात फार ठरावीक असतात, हे कोणीही महिनाभर लक्ष देऊन ऐकले तर ध्यानात येईल. म्हणून उपकारस्तुतीची प्रार्थना तरी आधी लिहून काढावी. तिचा साचा जुना आणि सोपा आहे : देवाला संबोधन, त्याने केलेले एक नेमके कृत्य, त्याबद्दलचे उपकारस्मरण, त्यातून निघणारी एक विनंती, आणि ख्रिस्ताच्या द्वारे समाप्ती. पहिल्या पावसानंतरच्या रविवारी ती अशी होऊ शकेल :

“हे सर्वसमर्थ देवा, आमच्या पित्या, विहिरी आटत आल्या असताना तू पाऊस पाठवलास आणि दुबार पेरणीचे संकट आमच्यावरून टाळलेस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांच्या शेतावर तो अजून पडलेला नाही त्यांचे विस्मरण आम्हांला होऊ देऊ नकोस, आणि जे तू आम्हांला दिले आहेस ते त्यांच्यासह वाटून घेण्यास आमचे हात मोकळे कर. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या द्वारे. आमेन.”

येथे ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ हा शब्दप्रयोग कोठेही नाही, हे पाहावे. सर्व म्हटले की कोणाच्याच डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. पाऊस म्हटले की उभे राहते. शहरातील मंडळीत पावसाऐवजी एखाद्याला मिळालेली नोकरी असेल, सुटलेला ताप असेल, किंवा दोन भावांमधला मिटलेला अबोला असेल (अर्थात त्या भावांची संमती घेऊन).

सर्व मंडळीला बोलते करण्यासाठी १३६ व्या स्तोत्राइतके उपयुक्त साधन नाही. त्याची २६ वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येते. चालकाने वचनाचा पहिला भाग वाचावा, मंडळीने पालुपद म्हणावे. यासाठी पुस्तक लागत नाही, पडदा लागत नाही. स्तोत्र सृष्टीच्या निर्मितीपासून आरंभ करते, मिसरातून सुटका आणि अरण्यातील वाट यांवरून पुढे येत शेवटी सर्व प्राण्यांना अन्न देणाऱ्या देवापाशी थांबते. वर्षाच्या अखेरच्या उपासनेत याच रीतीने मंडळीच्या त्या वर्षातील पाच-सहा घटना चालकाने एकेका ओळीत मांडाव्यात आणि लोकांनी तेच पालुपद म्हणावे. ओळी छोट्या ठेवाव्यात, आणि कोणाच्याही पदाचा किंवा देणगीचा उल्लेख त्यांत येऊ देऊ नये.

उपकारस्तुतीची पाकिटे आणि साक्षी

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, परीक्षेतील यश, शस्त्रक्रियेनंतरचे आरोग्य, नवे घर अशा निमित्ताने पाकिटात दान घालून त्यावर कारण लिहून देण्याची आपली चाल सुंदर आहे, कारण तीत कारण आपोआप लेखी मिळते. ती बिघडते वाचनाच्या पद्धतीमुळे. पाकिटावरील रक्कम वाचू नये, अगदी सभेने तसा पायंडा पाडला असला तरी. मोठ्या रकमेचा उल्लेख झाला की दहा रुपये घालणारी विधवा पुढच्या वेळी पाकीट देत नाही. नाव आणि कारण तेवढे वाचावे, आणि सर्व वाचून झाल्यावर दोन-तीन कारणे प्रत्यक्ष प्रार्थनेत गुंफावीत. यादी वाचून ‘या सर्वांना आशीर्वादित कर’ एवढेच म्हटले, तर आपण उपकार मानलेच नाहीत, केवळ आणखी काही मागितले.

साक्ष देणाऱ्याला आधी भेटावे आणि १०७ व्या स्तोत्राची घडी दाखवावी. त्या स्तोत्रात चार प्रकारची माणसे येतात : अरण्यात वाट चुकलेली, बंदिवासात पडलेली, आजाराने खंगलेली आणि समुद्रात वादळात सापडलेली. प्रत्येकाची गोष्ट त्याच चार पायऱ्यांनी जाते : संकट, आरोळी, सुटका, उपकारस्मरण. साक्षीसाठी तीन-चार मिनिटे पुरतात. बहुतेक साक्षी पहिल्या पायरीवरच रेंगाळतात, म्हणजे आजाराचा तपशील दहा मिनिटे आणि देवाची कृती एका वाक्यात. हे सौम्यपणे सांगता येते आणि सांगावे.

त्याहून अवघड गोष्ट तुलनेची. लूकच्या १८ व्या अध्यायातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, मंदिरात जे म्हणतो ते वरून पाहता उपकारस्तुतीच आहे, त्याचे पहिले वाक्य देवाचे आभार मानण्याचे आहे, पण कारण म्हणून तो देतो स्वतःचा चांगुलपणा आणि शेजारी उभा असलेला जकातदार. ‘त्या अपघातात बाकीचे गेले, पण आम्ही प्रार्थना करणारे म्हणून वाचलो’ असे कोणी सहज बोलून जातो, आणि त्याच सभेत त्याच अपघातात मुलगा गमावलेली आई बसलेली असते. वाचल्याबद्दल उपकार जरूर मानावेत, पण दुसऱ्याच्या हानीच्या पायावर ते उभे करू नयेत. चालकाने साक्षीचा मजकूर आधी ऐकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

दुःखाच्या रविवारी

मंडळीत मृत्यू झाला आहे, किंवा गावातील कारखाना बंद पडला आहे, अशा आठवड्यानंतर स्तुतीचे काय करावे? थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायातील आज्ञा सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करण्याची आहे, आणि अशा वेळी ती कोणाच्या तरी तोंडून हमखास ऐकू येते. शोकात असलेल्या माणसाकडून, जे घडले त्याबद्दलच आभार मानून घेण्यासाठी तिचा वापर करणे निष्ठुर आहे. स्तोत्रसंहितेत विलापाला भरपूर जागा आहे. १३ वे स्तोत्र ‘किती काळ’ या प्रश्नाने सुरू होऊन सहा वचनांत गाण्यापर्यंत पोहोचते, पण ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही ते त्या संग्रहात आहे. अशा रविवारी आरंभीचे गीत संथ असावे, देवाच्या विश्वासूपणाविषयी असावे, आणि टाळ्यांची गीते पुढच्या आठवड्यासाठी ठेवावीत. उपकारस्तुती करायचीच, पण मृताच्या आयुष्याबद्दल, रात्रभर त्या घरी बसलेल्या शेजाऱ्यांबद्दल, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाबद्दल. ज्याला गाता येत नाही त्याने बसून राहावे आणि इतरांनी त्याच्या वतीने गावे. ही मुभा चालकाने मोठ्याने सांगितली तर कित्येकांचे ओझे हलके होते.

प्रभूभोजनाच्या वेळी

येथे फारसे नवे काही रचण्याची गरज नसते. ख्रिस्ताने भाकर घेऊन उपकारस्तुती केली आणि मग ती मोडली, म्हणून मेजाजवळची मोठी प्रार्थना ही मुळात उपकारस्तुतीच आहे. ‘आपली अंतःकरणे वर करा’ या अर्थाचा चालक व मंडळी यांच्यातील संवाद तिसऱ्या शतकापासून ख्रिस्ती उपासनेत आढळतो, आणि त्यापाठोपाठ यशयाच्या दर्शनातील त्रिवार पवित्र येते. ही प्रार्थना घाईने उरकू नये, आणि संवादाची उत्तरे एकट्या गायनमंडळावर सोडू नयेत. भोजनानंतर ख्रिस्त व त्याचे शिष्य गीत गाऊन बाहेर पडले असे मत्तय लिहितो. आपणही शेवटी एक गीत, शक्य तर पुस्तकावाचून येणारे, उभे राहून गावे.

हंगामाचा सण

खेड्यातील मंडळ्यांत ज्वारी-बाजरीची कणसे, उसाची मोळी, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी असे सारे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. या दिवसासाठी जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २६ वा अध्याय वाचावा. प्रथमफळांची टोपली आणणाऱ्याने तेथे पिकाविषयी बोलण्याआधी आपल्या पूर्वजांची, गुलामगिरीची आणि सुटकेची गोष्ट सांगायची आहे, आणि मग लेवी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातला) व उपरी यांच्यासह आनंद करायचा आहे. तसेच करावे : एका वयस्क शेतकऱ्याने किंवा शेतमजुरी करणाऱ्या बहिणीने टोपली हाती धरून दोन-चार वाक्यांत आपल्या घराची वाट सांगावी. शहरातील मंडळीने बाजारातून फळे विकत आणून मांडण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या कामाची खूण आणावी : शिवणाचे कापड, थापी, वह्या, औषधांची पेटी. पाऊस न झालेल्या वर्षी सण रद्द करू नये. हबक्कूकच्या ३ ऱ्या अध्यायातील शेवटचा भाग, ज्यात अंजिराला फूल नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत तरी परमेश्वराच्या ठायी उल्हास आहे, तो वाचावा, टोपली रिकामी ठेवावी आणि उपासना थोडक्यात आटोपावी.

लिलावात बोली चढू लागली की हशा आणि ईर्ष्या दोन्ही येतात. हशा असू द्यावा. एक भोपळा हजार रुपयांना कोणी घेतला याची चर्चा मात्र पुढे चालवू नये. इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायात स्तुतीच्या यज्ञाला लागूनच, पुढच्या वचनात, चांगले करण्याचे आणि दान करण्याचे विसरू नका असे सांगितले आहे, त्यामुळे जमलेल्या पैशाचा ठरावीक वाटा मंडळीबाहेरील गरजवंतांसाठी राखण्याचा ठराव सणाच्या आधीच्या सभेत करून घ्यावा आणि तो उपासनेतच वाचून दाखवावा. नाशिवंत वस्तू लिलावातून वगळाव्यात. लेवीय ग्रंथाच्या ७ व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवण्याची अट आहे, आणि एका घराला ते एकट्याने संपवणे शक्य नसल्याने वाटून खाणे ओघानेच येत असे. भाजीपाला, दूध आणि शिजवलेले अन्न संध्याकाळपर्यंत पोहोचवण्यासाठी दोन तरुण आणि एक मोटारसायकल नेमून ठेवावी, आणि कोणत्या घरी काय द्यायचे ती यादी मंडळीच्या बाईबल-शिक्षिकेकडून किंवा अंगणवाडी सेविकेकडून आदल्या दिवशीच घ्यावी, कारण कोणाच्या चुलीवर काय शिजते याची खरी माहिती त्यांनाच असते.